बोर्ड आणि पत्रिका रचताना या चुका टाळा

नागपूरच्या इतवारीत पत्रिका अन् फ्लेक्सची कामं करता करता सोळा वर्षं झाली. हाताखाली येणारी पोरं कोरल, म्हणजे रचना करायचं सॉफ्टवेअर, पंधरा दिवसांत शिकतात. बघायला शिकत नाहीत. पहिला प्रश्न, "फॉन्ट कोणता घेऊ?" फॉन्ट राहू दे बापा, मोकळी जागा कुठे सोडली ते दाखव आधी.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे ओळींमधलं अंतर सरसकट सारखं ठेवणं. एका नाश्त्याच्या दुकानाचा बोर्ड होता. पोरानं एकाखाली एक रचलं: तर्री पोहे, ४०, समोसा, २०, कचोरी, ३०. अंतर सगळीकडे दोन इंच. मीही घाईत नजर फिरवून छापायला सोडलं. तिसऱ्या दिवशी मालकाचा फोन. कचोरी खाणारे वीसच रुपये टेकवतात अन् वर म्हणतात, "बोर्डावर तं वीस लिहून आहे ना भाऊ!" त्यांचं काय चुकलं? कचोरीच्या वरही आकडा, खालीही आकडा, दोन्ही सारखेच लांब. माणूस स्वस्तातला धरणार. डोळा सुट्या गोष्टी एकत्र कशा बघतो ते शोधणाऱ्या गेस्टाल्ट मानसशास्त्रातल्या मॅक्स वर्थायमर यांनी १९२३ सालीच नुसते ठिपके मांडून दाखवलं होतं की जवळजवळ असलेलं डोळा एकत्र बांधतो. मला ते नव्या फ्लेक्सचे पैसे खिशातून भरल्यावर पटलं.

आता पदार्थ आणि भाव यांत एक बोट, तर दोन पदार्थांत निदान अडीच बोटं. छापण्याआधी ए-फोरवर प्रिंट काढून भिंतीला चिकटवतो, दहा पावलं मागे सरतो, डोळे किलकिले करतो. अक्षरं पुसट होतात, नुसते गठ्ठे उरतात. गठ्ठा चुकला की परत खुर्चीत. झूम करकरून हे दिसत नाही.

पोराचा उपाय वेगळाच: प्रत्येक पदार्थाला चौकट. चौकटीत जोर असतो, खरंय. एका कुंपणातलं सगळं एकच वाटतं, हे तत्त्व मानसशास्त्रज्ञ स्टीफन पामर यांनी १९९२ साली मांडलं. पण बारा पदार्थांना बारा चौकटी म्हणजे बोर्ड नाही, जिन्याखालच्या टपालपेट्या. जागा फुकट मिळते, ती आधी वापरा.

संत्रानगरी म्हणून भाव, मथळा, फोन नंबर सगळंच केशरी करू नका. एका रंगाचं ते एका जातीचं वाटतं.

फोटोवर थेट मजकूर नको. मागचं पुढे येतं.

आणि माझं डोकं फिरवणारी चूक: ओळ भरायला अक्षरांमधलं अंतर ताणणं. इंग्रजीत खपून जातं. आपल्याकडे शब्द बांधून ठेवते ती शिरोरेषा. एका पत्रिकेत 'कार्यालय' इतकं ताणलं होतं की रेषा तुटून 'का र्या ल य' झालं. मुलीचे वडील चष्मा पुसून पुसून वाचत होते. ओळ भरायचीच तर अक्षर मोठं करा, नाहीतर दोन शब्दांमधली फट वाढवा. त्या रेषेला हात लावू नका.