फुशिमी इनारीला जाताय? या चुका टाळा

क्योटोतल्या फुशिमी इनारी ताइशा या शिंतो देवस्थानाला जाताना पहिली चूक क्योटो स्टेशनवरच होते. जेआर (जपान रेल्वे) नारा लाइनची ‘मियाकोजी’ जलद गाडी इनारीला थांबत नाही. साधी लोकल घ्या, दुसरंच स्टेशन इनारी. चुकून जलद गाडीत चढलात, तर लगेच येणाऱ्या तोफुकुजीला उतरून मागची लोकल धरा. देवस्थान 24 तास खुलं असतं, प्रवेशाला पैसे नाहीत. त्यामुळे दुपारच्या गर्दीत जाण्यात अर्थ नाही, सकाळी सातच्या आत पोचा.

शेंदरी कमानीला तोरी म्हणतात. तिच्यापाशी किंचित वाकून नमस्कार करा आणि कडेने आत जा, कारण मधली वाट देवाची मानतात.

सर्वात जास्त गोंधळ दर्शनाआधी कुंडापाशी हात धुताना होतो. लांब दांड्याचं ओगराळं एकदाच भरायचं आणि तेवढ्यात सगळं उरकायचं. ते उजव्या हातात धरून आधी डावा हात धुवा, मग हात बदलून उजवा. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या तळव्यावर थोडं पाणी ओता, त्याने चूळ भरा आणि डावा हात परत धुवा. शेवटी ओगराळं उभं करा, म्हणजे उरलेल्या पाण्याने दांडा धुतला जातो. ओगराळ्याला तोंड लावू नका, वापरलेलं पाणी कुंडात सांडू नका. ओगराळं ठेवलेलं नसेल, तर वाहत्या धारेखाली हात धुतले की झालं.

आपल्याकडे देवळात शिरताच हात घंटेकडे जातो. इथे आधी पेटीत नाणं अलगद सोडा, मग दोर हलवून घंटा वाजवा. दोनदा कमरेतून वाका, दोन टाळ्या वाजवा, हात जोडून मागणं मागा, पुन्हा एकदा वाका. बाहेर उभं राहून नमस्कार करताना चपला काढाव्या लागत नाहीत. वाटेतल्या स्टेशनला ज्याचं नाव आहे ते तोफुकुजी मात्र बौद्ध मंदिर आहे, तिथे टाळ्या वाजवायच्या नाहीत.

सेम्बोन तोरीच्या, म्हणजे ओळीने उभ्या असलेल्या असंख्य कमानींच्या वाटेच्या, सुरुवातीलाच फोटोसाठी अडून राहणं ही मोठी चूक. इनारी डोंगर 233 मीटर उंच आहे आणि बरेच जण या कमानींनंतर येणाऱ्या ओकुशा या पूजास्थानापासूनच मागे फिरतात. त्यापुढे गर्दी विरळ होते. निदान योत्सुत्सुजी या डोंगरावरच्या चौकापर्यंत चढा, तिथून क्योटो शहर दिसतं. पूर्ण फेरीला दोन-तीन तास धरा. उतरताना कमानींच्या मागच्या बाजूला कोरलेली दात्यांची नावं आणि तारखा समोर येतात, चढताना त्या दिसतच नाहीत. पावसात दगडी पायऱ्या निसरड्या होतात, गुळगुळीत तळव्याची चप्पल नको.

गोशुइन, म्हणजे देवस्थानचा शिक्का आणि हस्ताक्षर, हवं असेल तर साधी डायरी पुढे करू नका. त्यासाठीची वही वेगळी मिळते, आणि शिक्का देणारी खिडकी रात्री बंद असते.