मसुराच्या काढणीत हेडरचा पंख असा ताळ्यावर आणला

मी कॅनडात सस्कॅचेवनमध्ये मसुराची काढणी करतो. मसुराच्या शेंगा जमिनीलगत लागतात, म्हणून पेरणीनंतर शेतावर रोलर फिरवतात आणि कटरबार, म्हणजे पीक कापणारी पात्यांची पट्टी, अगदी मातीला टेकवून चालवावा लागतो. हा कटरबार हेडरवर, म्हणजे कम्बाइनच्या पुढच्या कापणीच्या भागावर असतो. पूर्वी आमच्याकडे फ्लेक्स (जमिनीप्रमाणे वाकणारं) ऑगर हेडर होतं, म्हणजे फिरत्या स्क्रूनं पीक मध्यभागी ढकलणारं. वाळलेलं पीक त्यात गोळ्यागोळ्यानं आत जायचं, शेंगा फुटून दाणे खाली पडायचे. फ्लेक्स ड्रेपरचे रबरी पट्टे तेच पीक अलगद मध्यभागी नेतात. माझ्या मते मसुराला ड्रेपरच हवं.

पण ड्रेपरच्या पहिल्याच दिवशी डावीकडे बोटभर खोडं राहिली, त्यांवर भरलेल्या शेंगा! उजवा पंख, म्हणजे हेडरची वरखाली हलणारी उजवी बाजू, मात्र माती ढकलत होता. हेडरचा कोन बदलला, पीक आत ओढणारी फिरती रील खाली घेतली. काही उपयोग नाही. मग सपाट जागी थांबून इंजिन बंद केलं, हेडर खाली पडू नये म्हणून सेफ्टी स्टॉप लावले, खाली वाकून पाहिलं. उजव्या पंखाखाली चिखलाचा वाळलेला थर, विटेसारखा टणक. तो खरवडला. मग पंखांची लॉकं उघडून दोन्ही टोकं हातानं उचलून पाहिली. डावं अजूनही फारच हलकं होतं, म्हणून ते जमिनीला न टेकता वर राहत होतं. मॅन्युअल बघत त्या बाजूचा स्प्रिंगचा आधार थोडाथोडा कमी केला, दर वेळी पुन्हा उचलून पाहिलं. तिसऱ्या खेपेला दोन्ही सारखी लागली.

पुढच्या फेरीत डावीकडं रान स्वच्छ. आता रोज सकाळी ग्रीस भरतानाच खालचा चिखल काढतो.