कळा खऱ्या की खोट्या? बाळंतपणाला निघायची वेळ कशी ओळखावी

पहिलटकरणीच्या घरात सगळ्यात मोठा गोंधळ उडतो तो निघायच्या वेळेचा. त्यासाठी घड्याळ आणि वही जवळ ठेवा.

एक कळ सुरू झाली की वेळ लिहा, दुसरी सुरू झाली की पुन्हा लिहा. मधली मिनिटं म्हणजे कळांमधलं अंतर. बरेच जण एक कळ संपल्यापासून दुसरी येईपर्यंतचा वेळ मोजतात आणि तिथेच हिशोब चुकतो. कळ किती सेकंद टिकली, तेही शेजारी लिहा. 2:10 ला 40 सेकंद, 2:17 ला 45, 2:23 ला 50 अशी नोंद दिसली, तर त्या खऱ्या कळा. पोटावर हात ठेवून पाहा: कळेत पोट कपाळासारखं टणक लागतं, कळ ओसरली की मऊ पडतं. खरी कळ बहुतेकदा कमरेतून निघून ओटीपोटात उतरते आणि चाललं, कूस बदलली तरी थांबत नाही. खोट्या कळा लघवी करून, पाणी पिऊन डाव्या कुशीवर तासभर पडलं की विरतात.

दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर चालल्या की पहिलटकरणीने निघावं. दुसऱ्या खेपेला गर्भाशयाचं तोंड भराभर उघडतं, म्हणून दहा मिनिटांवर आल्या तरी निघा. दवाखाना लांब असेल तर त्याहूनही आधी. आधी सिझेरियन झालेलं असेल किंवा 37 आठवडे भरले नसतील, तर मोजत बसू नका, लगेच जा.

गर्भाशयाचं तोंड 10 सेंटिमीटर उघडावं लागतं, त्यातले पहिले 5 फार सावकाश. तोवर पेज, ताक, केळं असं हलकं घ्या, घरातल्या घरात चाला. एरंडेल मुळीच नको. जुलाबाने अंगातलं पाणी जातं आणि ऐन वेळी त्राण उरत नाही.

चिकट, थोडा रक्तमिश्रित स्राव चालतो. पण पुढचं काहीही दिसलं तर कळा नसल्या तरी निघायचं: पाणमोट फुटणं, धार लागल्यासारखं रक्त, बाळाची हालचाल मंदावणं, प्रचंड डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटका (फिट) येणं. पाणी हिरवट असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असते; पॅड लावा आणि रंग डॉक्टरांना सांगा.

36 व्या आठवड्यापर्यंत पिशवी भरून ठेवा: फाइल, सोनोग्राफी, रक्तगटाचा कागद, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, पॅड, पुढून उघडणारे गाऊन, बाळाला धुऊन वाळवलेले सुती कपडे. माहेरी जाणार असाल तर तिथल्या दवाखान्यात आधीच नाव नोंदवा. फाइल सासरी राहिली की ऐन वेळी पंचाईत होते. 102 आणि 108 हे रुग्णवाहिकेचे क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ हवेत. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि घरी सोडणारी गाडी मोफत असते. आशाताईंना आधीच विचारून घ्या.

बाळ जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा. मध, गुटी, पाणी काहीही चाटवू नका, आणि पहिली आंघोळ 24 तासांनंतरच.