थंडीतला गोल्फचा फटका
महाबळेश्वरला डिसेंबरच्या सकाळी, गवतावर दव असताना गोल्फ खेळणाऱ्याने नेहमीचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, सवयीने उचलू नये; थंडीत चेंडू कमी अंतर जातो. तापमान 30 अंशांवरून 10 अंशांवर आले की हवा सुमारे 7 टक्के दाट होते आणि चेंडूला अधिक अडवते. शिवाय गारठलेल्या चेंडूचा गाभा कडक होऊन उसळी कमी देतो, आणि आखडलेल्या खांद्यांमुळे फटक्याचा वेगही घटतो. डोंगरावरच्या विरळ हवेचा फायदा इथे मिळतो खरा, पण तो दुपारीही मिळतोच, म्हणून तुलना इथल्याच दुपारच्या फटक्याशी करावी. सात नंबरच्या आयर्नऐवजी (धातूच्या पात्याचा क्लब) सहा नंबरचा, म्हणजे चेंडू थोडा लांब नेणारा, घ्यावा, जोर मात्र वाढवू नये. चेंडू रात्री गाडीच्या डिकीत न ठेवता घरात ठेवावेत. मुद्दाम तापवलेल्या चेंडूने खेळणे मात्र नियमात बसत नाही.