सशांची जोडी घरी येण्याआधी

आधी डॉक्टर शोधा, मग पिंजरा. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली असतात, सशांवर उपचार करण्याचा हात असलेले मोजकेच. सशांची ऑपरेशनं करता का आणि रात्री गरज पडली तर कुठे जायचं, हे फोनवरच विचारून घ्या. ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवा असं कोणी म्हणालं, तर सरळ दुसरं दार ठोठवा. सशाला उलटी होतच नाही आणि पोट रिकामं राहिलं की आतड्यांचं काम मंदावतं. कुत्र्यांना पिसवांसाठी लावतात ते फिप्रोनिलचे थेंब आणि तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक, ही दोन्ही सशाच्या जिवावर बेततात. नावं फ्रिजवर लिहून ठेवा.

ज्या प्राणिमित्रांनी ही जोडी सोडवून आणली आणि आता तुम्हाला देत आहेत, त्यांना खोदून खोदून विचारा. दोघांची नसबंदी झाली आहे का? मादीची राहिली असेल तर वयाबरोबर गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो. नराची नुकतीच झाली असेल तर पुढचे चार-सहा आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, आणि सशाची मादी साधारण महिन्याभरात विते. नर-मादी ओळखण्यात भल्याभल्यांची गल्लत होते, म्हणून डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. सध्या जे खातात तेच पहिले काही दिवस चालू ठेवायचं, बदल हळूहळू. त्यांच्या अंगाखालचं फडकं न धुता मागून घ्या. नव्या घरात ओळखीचा तेवढाच एक वास असतो.

आता गवत. सशाचं खरं जेवण म्हणजे वाळलेलं गवत, गाजर क्वचित आणि बोटाच्या पेराएवढं. दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजतात या गवतानेच. टिमथी नावाचं वाळलेलं गवत ऑनलाइन मिळतं. लसूणघास (अल्फाल्फा) पिल्लांसाठी ठीक, मोठ्यांना त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. पावसाळ्यात मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. मुंबई-कोकणच्या हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीतलं गवत लवकर कुबट होतं, म्हणून खोक्यात किंवा कापडी पिशवीत, जमिनीपासून वर ठेवा. मूठभर घेऊन वास घ्या: चांगल्या गवताला गोडसर वास येतो, जरा जरी कोंदट वाटलं तरी टाकून द्या. सोबत रोज कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला. कांदा, लसूण, बटाटा, पोळी, बिस्किट अजिबात नको. पाहुण्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

रोज सकाळी लेंड्या बघायची सवय लावा. गोल, कोरड्या, एकसारख्या असल्या की पोट ठीक. लहान झाल्या, केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या की सावध. दहा-बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद म्हणजे तातडीने दवाखाना. जोडीत कोणाचं काय बिघडलंय ते लवकर कळत नाही, त्यामुळे जेवताना दोघांची तोंडं हलताना स्वतः बघा.

आणि दवाखान्यात दोघांना न्या, आजारी एकच असला तरी. एकटा परत आलेला औषधांचा वास घेऊन येतो आणि कपाळ चाटणारा जोडीदारच त्याच्यावर धावून जातो. म्हणून ने-आण करायचे पिंजरेही दोन नकोत, दोघं आडवे पसरतील एवढा एकच कॅरियर घ्या. घरात साधारण दहा फूट बाय सहा फूट जागा, जाळीच्या फरशीऐवजी सतरंजी, दोघांना लपायला दोन तोंडांची खोकी. एकच तोंड असलं तर भांडणात एक कोंडला जातो. चार्जरच्या वायरी उचलून ठेवा.

उन्हाळ्याचा विचार जागा ठरवतानाच करा. तापमान तिशीच्या पुढे गेलं की ससे कासावीस होतात. विदर्भात एसीची किंवा कूलरची खोली हवीच, इतरत्र ओल्या फडक्यात गुंडाळलेली गोठलेली बाटली आणि लादी कामी येते. मे महिन्यात आणणार असाल तर पहाटेच आणा.

ससे आठ ते बारा वर्षं जगतात. लग्नकार्यात, गावी जाताना, परीक्षांच्या दिवसांत कोण बघणार, हे आत्ताच नावानिशी ठरवा. दिवाळीत फटाक्यांनी ते थरथरतात, तेव्हा खिडक्या बंद करून शेजारी बसणारं घरातलं कोणीतरी लागेल.