गुणसूत्रांचे विकार: नुसता आकडा बघून निष्कर्ष काढू नका

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ मध्ये पक्के झाले. तोवर पुस्तकांत ४८ छापले जात होते! आज ४६ सगळ्यांना पाठ आहे आणि बहुतेक चुका या पाठांतरातूनच होतात. ४६ दिसले की सगळे ठीक आणि एक कमी-जास्त दिसले की आजार, इतका सरळ हा हिशेब नाही.

डाउन सिंड्रोम हा बौद्धिक वाढ मंदावणारा जन्मजात विकार घ्या. बहुतेक वेळा त्यात २१ क्रमांकाचे गुणसूत्र सुटे जास्त असते, म्हणून एकूण ४७. पण काही मुलांत हे जादा २१ दुसऱ्या गुणसूत्राला, बरेचदा १४ क्रमांकाच्या, चिकटलेले असते. मोजले तर ४६ भरतात, विकार मात्र असतोच. याला स्थानांतरण म्हणतात. आई किंवा वडील अशा जोडगुणसूत्राचे वाहक असतील, तर त्यांची गुणसूत्रे ४५ भरतात आणि तब्येत ठणठणीत असते. टर्नर सिंड्रोम या मुलींमधल्या विकारातही सहसा ४५ च असतात, पण तिथे एक एक्स गुणसूत्र खरोखरच गैरहजर असते. तेव्हा अहवालात आकड्यापुढे काय लिहिले आहे ते आधी वाचा. स्थानांतरण आढळले, तर आईवडिलांचीही कॅरिओटाइप चाचणी (सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांची मोजणी आणि पाहणी) करावी लागते, कारण पुढच्या मुलाची जोखीम त्यावर ठरते. ही पायरी गाळणे सगळ्यांत महागात पडते.

विद्यार्थी ट्रायसोमी आणि ट्रिप्लॉइडी यांची हमखास गल्लत करतात. पहिलीत एकच गुणसूत्र जास्त, म्हणजे ४७. दुसरीत अख्खा संच जास्त, म्हणजे ६९.

अर्धसूत्री विभाजनाची, म्हणजे युग्मके (बीजांडे, शुक्राणू) बनवणाऱ्या पेशीविभाजनाची, आकृती काढतानाही असेच होते. पहिल्या टप्प्यात जोडी विलग झाली नाही, तर चारही युग्मके बिघडतात: दोघांत २४, दोघांत २२. चूक दुसऱ्या टप्प्यात एकाच पेशीत झाली, तर दोन युग्मके २३ ची, म्हणजे नेहमीसारखी. उरलेल्यांपैकी एक २४ चे, एक २२ चे. दोन्हीकडे 'निम्मी ठीक' लिहिले की गुण गेलेच.

आईचे वय वाढते तशी डाउनची शक्यता वाढते, हे खरे. पण त्यावरून तरुण आईला धोकाच नाही असे ठरवू नका. मुळात तरुण वयात बाळंतपणे जास्त होत असल्याने अशी बरीच बाळे तरुण आयांनाच होतात. टर्नरचा तर आईच्या वयाशी असा संबंध नाही. तिथे हरवलेला एक्स बहुधा वडिलांकडचा असतो. तरी दोष आईलाच दिला जातो.

गरोदरपणी आईच्या रक्तावरून होणारी एनआयपीटी ही फक्त चाळणी चाचणी आहे. त्यात बाळाचा म्हणून तपासला जाणारा डीएनए मुख्यतः वारेचा असतो, बाळाचा थेट नव्हे. म्हणून 'जोखीम जास्त' आली, तर गर्भजल किंवा वारेच्या पेशी तपासून खात्री केल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. आणि कॅरिओटाइप निर्दोष आला म्हणून सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नाही असे समजू नका. तो बिघाड डीएनएतल्या एका अक्षराचा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे कितीही नीट मोजली तरी तो दिसणार नाही.