फॅक्स पुसट जातोय? दोष शोधायचा कसा आणि घालवायचा कसा

समोरून फोन येतो: "फॅक्स मिळाला, पण काही वाचता येत नाहीये. परत पाठवता का?" आपण तेच पान तसंच पुन्हा मशीनमध्ये घालतो आणि पुन्हा तोच फोन येतो. शिव्या मात्र फोनच्या लाइनला बसतात. खरं तर बहुतेक वेळा पान लाइनवर जाण्याआधीच बिघडलेलं असतं.

का ते समजायला एकच गोष्ट लक्षात घ्यावी लागते. साध्या फॅक्सला करडा रंग ठाऊक नसतो. मशीन पानाच्या बारीक आडव्या ओळी पाडतं, प्रत्येक ओळीचे १७२८ ठिपके करतं आणि प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच ठरवतं. पेन्सिलीची फिकट रेघ असो, रंगीत कागद असो की शिक्क्याची पुसट कड, या दोनांपैकी एका बाजूला जावंच लागतं. तो निवाडा मशीनला सोपा करून द्यायचा, एवढंच आपल्या हातात आहे. पलीकडे पोचल्यावर त्यात भर घालता येत नाही.

१. आधी कॉपी काढा

फॅक्स न लावता त्याच मशीनवर त्या पानाची कॉपी काढा. एकदा वरच्या फीडरमधून, आणि मशीनला झाकणाखालची मोठी काच असेल तर एकदा तिच्यावर ठेवून. दोन्ही कॉप्यांवर एकाच जागी रेघ आली तर दोष छपाईच्या भागात, म्हणजे ड्रम-टोनरकडे. अशा वेळी तुम्ही पाठवलेला फॅक्स पलीकडे स्वच्छच पोचत असतो, तुम्हाला येणारे मात्र रेघाळलेले दिसतात. फक्त फीडरच्या कॉपीवर रेघ असेल तर दोष काचेच्या पट्टीवर.

कॉपी बहुधा फॅक्सपेक्षा बारकाईने काढली जाते. त्यामुळे कॉपी सुबक आली म्हणून फॅक्सही सुबक जाईल असं धरून चालू नका. ही चाचणी रेघा आणि डागांपुरतीच.

२. उभी रेघ: काच पुसा

फीडरमध्ये कागद सरकतो आणि स्कॅनर एका अरुंद काचेच्या पट्टीखाली जागच्या जागी थांबून त्याच्याकडे बघत असतो. त्या पट्टीवर मोहरीएवढा डाग असला तरी पानाच्या प्रत्येक ओळीत तो त्याच जागी दिसतो, आणि पानभर वरून खाली काळी रेघ उमटते. हाच डाग मोठ्या काचेवर असता तर नुसता एक ठिपका आला असता.

आमच्याकडे कित्येक दिवस प्रत्येक फॅक्सच्या उजव्या बाजूला अशी रेघ येत होती. मोठी काच रोज चकचकीत पुसली जायची, पण शेजारच्या बोटभर पट्टीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी टॉर्च लावून तिरकं पाहिलं तेव्हा वाळलेल्या व्हाइटनरचा एक कण सापडला. नखाने निघाला. तेव्हापासून व्हाइटनर लावलेलं पान पूर्ण वाळल्याशिवाय फीडरला लावायचं नाही, असा माझा नेम आहे.

मशीन बंद करून, धागे न सुटणारं कापड किंचित ओलं करून पुसा. पाणी थेट काचेवर ओतू नका.

३. रेझोल्यूशन वाढवा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि हेच बटण सगळ्यात कमी दाबलं जातं. स्टँडर्डवर आडव्या दिशेने इंचाला २०४ ठिपके असतात, पण वरून खाली इंचाला फक्त ९८ ओळी. ८ पॉइंटच्या अक्षराला काना-मात्रेसकट जेमतेम ११ ओळी मिळतात. त्यात अनुस्वार उडतो, 'भ' आणि 'म' एकसारखे दिसतात, 'घ' आणि 'ध' यांत फरक उरत नाही. फाइनवर ओळी दुप्पट होतात, म्हणजे १९६, आणि सुपरफाइनवर साधारण ३९१. फाइनला वेळ जास्त लागतो, पण आकड्यांचे तक्ते आणि सह्या असलेली पानं स्टँडर्डवर पाठवणं मला तरी पटत नाही.

रेझोल्यूशन पाठवणाऱ्याच्या मशीनवर ठरतं. तुम्हालाच पुसट फॅक्स येत असतील तर समोरच्याला "फाइनवर लावा" असं स्पष्ट सांगा. मात्र घेणाऱ्याच्या मशीनला तो मोड चालत नसेल तर पाठवणारं मशीन आपसूक खालच्या मोडवर उतरतं.

४. मूळ पान नीट करा

- काळ्या शाईत, पांढऱ्या कागदावर, १२ पॉइंटच्या आसपास ठळक टाइप. फिकट निळी शाई आणि पेन्सिल उडतात.
- रंगीत पट्ट्यावरचा मजकूर आणि गडद हायलायटर टाळा. पट्टा काळा होतो आणि अक्षरं त्यात बुडतात.
- पान सरळ लावा. तिरक्या पानात तक्त्याच्या रेघांना पायऱ्या पडतात.
- फॅक्सचा फॅक्स करू नका. मूळ पान किंवा मूळ फाइल मागवा. फाइल असेल तर ती संगणकावरूनच फॅक्स करा, म्हणजे स्कॅनिंगची पायरीच टळते.

५. डार्क, लाइट, फोटो

फिकट मजकुराला डार्क, मळकट कागदाला लाइट. फोटो मोड करड्या छटा दाखवण्यासाठी काळे-पांढरे ठिपके मिसळतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा त्यात भुसभुशीत होतात. नुसत्या मजकुराला तो लावू नका. वेळही खातो: सलग पांढरी जागा मशीन "इतके पांढरे" अशा एका आकड्यात कळवतं, विखुरलेल्या ठिपक्यांना ती सवलत मिळत नाही.

६. आता लाइनकडे बघा

आडवे पट्टे, मधूनच गायब झालेल्या ओळी किंवा अर्ध्यावर तुटलेलं पान, ही मात्र लाइनची लक्षणं. सेटिंगमध्ये 'ईसीएम' चालू आहे का बघा. त्यात बिघडलेला तुकडा घेणारं मशीन पुन्हा मागून घेतं. तरीही जमत नसेल तर पाठवण्याचा वेग सेकंदाला १४,४०० बिटांवरून ९,६०० वर आणा. फोन इंटरनेटवरून चालत असेल तर सेवा देणाऱ्याला 'टी.३८', म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची खास पद्धत, मिळते का विचारा. आवाजासाठी केलेलं कॉम्प्रेशन फॅक्सच्या संकेतांना मानवत नाही.

आलेला फॅक्स वाचायचा असेल तर

संगणकावर आलेला स्टँडर्ड फॅक्स कधी कधी चपटा, वरून दाबल्यासारखा दिसतो. तो बिघडलेला नसतो. आडवे २०४ आणि उभे ९८ हे प्रमाण त्या प्रोग्रामला कळलेलं नसतं, इतकंच. रुंदी तशीच ठेवून उंची दुप्पट करा.

आणि गुळगुळीत थर्मल कागदावर आला असेल तर लगेच साध्या कागदावर कॉपी काढून ठेवा. ऊन आणि उष्णता लागली की ती अक्षरं उडून जातात.